वामनरावांचं बाळंतपण

आन्याने हॅमस्टरचं नाव वॉफल्स ठेवलं, तेव्हा तिच्या आजोबांनी हरकत घेतली नाही. पण नाश्त्याच्या पदार्थाच्या नावाने एका जिवंत प्राण्याला हाक मारणं त्यांच्या जिभेला काही केल्या जमेना. थोडे दिवस त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला आणि मग ते त्याला सरळ वामनराव म्हणू लागले.

"आबा, इट्स वॉफल्स!" आन्या कमरेवर हात ठेवून म्हणायची.

"तेच ते. वॉफल्सला मराठीत वामनराव म्हणतात."

नऊ वर्षांच्या आन्याला हे खरं वाटलं आणि तिने शाळेतही ते सगळ्यांना सांगून टाकलं.

वामनराव दिसायला उंदरासारखे, मुठीत मावतील एवढे होते. अंगावर सोनेरी लव, पोट पांढरं, आणि दोन्ही गालांत सूर्यफुलाच्या बिया कोंबून बसले की चेहरा थेट जेवणानंतर पान खाऊन बसलेल्या एखाद्या वकिलासारखा दिसायचा. ते घरी आले विक्रममुळे. विक्रम म्हणजे आन्याचे बाबा, आबांचे म्हणजे अनिलरावांचे जावई. त्याच्या कंपनीने ट्रॉयचं ऑफिस बंद केलं आणि सगळ्यांना टेक्सासमध्ये अर्विंगला बोलावलं. यायचं तर या, नाहीतर राजीनामा द्या. इकडे त्याच्या बायकोची, सुचित्राची नोकरी मिशिगनमध्ये, आन्याची शाळा, मैत्रिणी, घर, सगळं ट्रॉयला. त्यात अनिलरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. शेवटी विक्रम एकटाच गेला. एक आठवडा सोडून शनिवार-रविवार घरी यायचं असं ठरलं. त्याला विमानतळावर सोडून परतताना आन्या मागच्या सीटवर इतकी रडली, की सुचित्राने गाडी घराऐवजी पाळीव प्राण्यांच्या दुकानाकडे वळवली. दुकानातल्या माणसाने हॅमस्टर उलटा करून पाहिला आणि "बॉय" म्हणून सांगितलं.

अनिलराव मूळचे अमरावतीचे. नागपूरला मेडिकल करून पन्नासएक वर्षांपूर्वी डेट्रॉइटला आले आणि नवजात बाळांचे डॉक्टर झाले. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, तळहातावर मावणारी, ज्यांच्या कातडीतून शिरा दिसतात अशी बाळं जगवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आता निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. पत्नी शैला गेल्यावर त्यांनी स्वतःचं घर विकलं आणि ते मुलीकडे राहायला आले. त्यांना जिना चढायला लागू नये म्हणून सुचित्राने खालची स्टडी त्यांना झोपायला दिली आणि लॅपटॉप, मॉनिटर, हेडफोन असा आपला ऑफिसचा संसार डायनिंग टेबलावर मांडला. टेबलाशेजारच्या कोपऱ्यात, बुटक्या कपाटावर वामनरावांचा पिंजरा.

सुचित्रा मोटारींच्या सीटचे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर होती. सीट पुढे-मागे सरकवायची जी लोखंडी पट्टी असते, तेवढीच तिची जबाबदारी. पण त्या शरदात एका नव्या गाडीचं उत्पादन सुरू होत होतं आणि ओहायोतल्या त्यांच्या कारखान्यातून येणाऱ्या पट्ट्या मध्येच अडकत होत्या. का अडकतात ते कुणालाच कळत नव्हतं. त्यामुळे पहाटे कॉल, जेवताना कॉल, आन्याच्या वेण्या घालताना एका कानात कॉल. वरिष्ठ म्हणजे ब्रायन नावाचा एक गृहस्थ होता. अनिलरावांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा आवाज त्यांना घरच्या माणसाइतका ओळखीचा झाला होता. तो कधी ओरडायचा नाही. "हेल्प मी अंडरस्टँड," एवढंच तो शांतपणे म्हणायचा, आणि ते ऐकलं की सुचित्राचा हात आपोआप मानेकडे जायचा.

अनिलराव हे सगळं बघत होते. डॉक्टरची नजर निवृत्त होत नाही. पोरीचं वजन उतरलंय, कप उचलताना बोटं थरथरतात, अंघोळीनंतर बाथरूमच्या जाळीत केसांचा पुंजका असतो. तिला आवडतं म्हणून ते पिठलं करायचे, गरम भाकरी टाकायचे. ताट तिच्याजवळ नेऊन ठेवायचे. तासाभराने पिठल्यावर साय धरलेली असायची.

"सुचू, एकदा डॉक्टरला दाखवून ये गं."

"बाबा, प्लीज. लाँच होऊ दे."

"लाँच कधी आहे?"

"झालंय. तोच तर प्रॉब्लेम आहे."



*

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आन्या किंचाळली. अनिलराव काठी न घेताच स्टडीतून बाहेर आले. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात कागदाच्या कपट्यांचं घरटं होतं, त्यात वामनराव आडवे झाले होते आणि त्यांच्या पोटाशी गुलाबी, इवल्या शेंगदाण्यांसारखं काहीतरी वळवळत होतं.

"समथिंग्ज राँग विथ हिम! आबा, डू समथिंग!"

अनिलरावांनी चष्मा वर केला, वाकले आणि हसू लागले. गुडघा दुखेपर्यंत हसले.

"अगं, काही बिघडलेलं नाही. वामनराव बाळंत झालेत!"

सुचित्रा हेडफोन गळ्यात अडकवूनच धावत आली. शनिवार असूनही तिचा कॉल चालू होता. तिने पिंजऱ्यात पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि तीही हसायला लागली. कितीतरी आठवड्यांनी तिच्या घशातून तो आवाज निघाला होता. अर्विंगहून विक्रम व्हिडिओवर आला. "अरे यार, तो तर बॉय होता ना?" असं तो चारचारदा म्हणाला. आन्याने फोन पिंजऱ्याला टेकवून बाळं मोजून दाखवली; एकदा सात भरली, एकदा आठ.

मग सगळे वाचायला बसले. सुचित्राने प्राण्यांच्या डॉक्टरलाही फोन केला. सगळीकडून एकच उत्तर आलं. हात लावू नका. पिंजरा हलवू नका, साफ करू नका. आवाज नको, उजेड नको, वाकून बघणं नको. अन्न-पाणी ठेवा आणि दूर व्हा. आई घाबरली तर पिल्लांना धोका.

"म्हणजे आपण काहीच नाही करायचं?" आन्याने विचारलं.

"काहीच नाही," अनिलराव म्हणाले.

हे म्हणताना त्यांना स्वतःलाच विचित्र वाटलं. असा गुलाबी, डोळे मिटलेला जीव दिसला की त्यांचे हात आपोआप पुढे व्हायचे. नळी, ऊब, थेंब थेंब दूध. आणि इथे सांगत होते की हात खिशात ठेवा. त्यांनी एक जुना टॉवेल पिंजऱ्यावर अलगद टाकला, उकडलेल्या अंड्याचा तुकडा बाळंतिणीसाठी आत सरकवला, आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

प्रश्न सुचित्राच्या कॉलचा होता. डायनिंग टेबल पिंजऱ्याला लागूनच.

"माझ्या खोलीत बस," अनिलराव म्हणाले. "मी हॉलमध्ये बसेन पेपर वाचत."

"तुमची दुपारची झोप बाबा. नको. मी बघते."

तिने लॅपटॉप उचलला, कोट चढवला आणि ती बाहेर उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसली. हीटर लावून, लॅपटॉप स्टिअरिंगला टेकवून. रविवारी, सोमवारी, तिचं ऑफिस तेच झालं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अनिलरावांना ती दिसायची. काच बंद, त्यामुळे आवाज नाही. नुसते हात हलताना दिसायचे, ओठ हलताना दिसायचे. कधी ती कपाळ स्टिअरिंगवर टेकवायची आणि मान वर करून पुन्हा बोलायला लागायची. थर्मासमध्ये चहा भरून ते बाहेर गेले की ती काच जेमतेम खाली करायची, थर्मास घ्यायची, काच वर. ही खोलीत का बसत नाही, ते त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. प्रश्न दुपारच्या झोपेचा नव्हताच. आपल्याशी तिथे कोण काय बोलतंय, हे तिला बापाच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं.

*

मंगळवारी सकाळी आन्या शाळेच्या बसने गेली आणि थोड्याच वेळात गळलेली पानं यंत्राने उडवणारी माणसं आली. शेजारच्या घराचं हिरवळीचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं, ती. पाठीवर यंत्रं बांधून त्यांनी नेमकी डायनिंगच्या खिडकीखालून सुरुवात केली. घर्रर्र असा आवाज भिंतीतून आत आला. अनिलराव काठी टेकत बाहेर गेले, हात जोडून, खुणा करून त्यांना थोडं पलीकडे जायला सांगितलं. माणसं भली होती. "शुअर, शुअर," म्हणाली आणि पलीकडे गेली. पण तोवर अर्धं अंगण झालं होतं.

आत येऊन त्यांनी टॉवेलचा कोपरा उचलून पाहिलं. सगळं ठीक. आई पिल्लांवर पसरली होती, फक्त तिचे काळे डोळे टक्क उघडे होते. त्यांनी पटकन टॉवेल सोडला.

दुपारी सुचित्रा गाडीतून घरात आली, ती जवळजवळ पळतच. लॅपटॉपची बॅटरी संपली होती आणि पलीकडे माणसं खोळंबली होती. तिने टेबलाशी बसून वायर लावली, हेडफोन घालायचा राहिला, आणि ब्रायनचा आवाज खोलीत घुमला. ओहायोच्या पट्ट्यांमुळे गाड्यांची लाइन थांबली होती. आता कितीतरी माणसं त्या कॉलवर होती आणि सगळ्यांच्या देखत तो तिला शांतपणे विचारत होता, "सुचित्रा, हेल्प मी अंडरस्टँड. तुला हे आधी कळलं नाही, की कळलं आणि तू सांगितलं नाहीस?"

तिने तीन वेळा लेखी कळवलं होतं. ती गाडीत बसायला लागायच्या आधी, तसं तिला कॉलवर सांगताना अनिलरावांनी स्वतः ऐकलं होतं. ती ते सांगू लागली, तर तो म्हणाला, "मी दोष देत नाहीये. मी फक्त समजून घेतोय."

आणि सुचित्रा ओरडली. ज्या पोरीने लहानपणीही कधी आवाज चढवला नव्हता, ती टेबलावर हात आपटून ओरडली. मॉनिटर कलंडला, टेबलाच्या कडेवरून घसरला आणि जमिनीवर आदळला. मग ब्रायन म्हणाला, "लेट्स टेक फाइव्ह मिनिट्स," आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

अनिलराव तिच्याजवळ गेले. ती ताठ बसली होती आणि श्वास वरच्या वर घेत होती. त्यांनी सवयीने तिचं मनगट धरलं.

"नको बाबा. हात नका लावू मला. प्लीज."

त्यांनी हात मागे घेतला.

तेवढ्यात टॉवेलखालून बारीकसा आवाज आला. चिवचिव म्हणावी तर तशीही नाही. ओल्या काचेवर बोट फिरवल्यासारखा आवाज. मग खसखस. मग काहीच नाही. दोघंही पिंजऱ्याकडे बघत राहिले. शेवटी अनिलरावांनीच टॉवेल बाजूला केला.

हॅमस्टर पिल्लू तोंडात धरून घरट्याबाहेर आली होती. "घाबरली की गालात लपवतात," अनिलराव म्हणाले, "मी वाचलंय. दुसरीकडे हलवते आहे ती." हे त्यांनी मुलीसाठी म्हटलं की स्वतःसाठी, कोण जाणे. पण ती पिल्लू कुठेच हलवत नव्हती. पुढच्या दोन पायांत धरून, सूर्यफुलाची बी सोलावी तशी ती निगुतीने खात होती. घरट्यातली जागा बरीच मोकळी झाली होती.

सुचित्राने तोंडावर हात दाबला.

"बाबा, उरलेली काढा. काढा ना बाहेर! तुम्ही जगवा. तुम्ही तर जगवलीत इतकी."

"सुचू..."

"दिवा लावू. कापूस आहे. ड्रॉपर आहे आन्याच्या औषधाचा. बाबा, तुम्हाला येतं हे!"

त्यांच्या हातांना येत होतं, म्हणूनच त्यांना कळत होतं. शेंगदाण्याएवढा जीव, आईचं दूध नाही, त्याच्या तोंडात जाईल अशी नळी जगात नाही. बाहेर काढलं तर संध्याकाळपर्यंत जातील. आत ठेवलं तर कदाचित तिची भीती ओसरेल, कदाचित एखादं वाचेल. कदाचित.

"काढलं तर नक्की जातील," ते म्हणाले. "ठेवलं तर माहीत नाही."

"मग काय करायचं?"

"टॉवेल टाकायचा."

त्यांनी टॉवेल टाकला.

सुचित्रा पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसली, फुटक्या मॉनिटरच्या बाजूला. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मी ओरडले म्हणून."

"सकाळी ती पानंवाली माणसं आली होती. मीही टॉवेल उचलला होता. पहिलटकरीण आहे, दुकानातूनच पोटुशी आलेली, वय कोवळं. नक्की कशामुळे ते कुणीच सांगू शकत नाही."

"तुम्ही पेशंटच्या आईवडिलांना असंच सांगायचा?"

"खरं असेल तेव्हा."

"आणि त्यांना बरं वाटायचं?"

"नाही," अनिलराव म्हणाले.

टेबलावरचा फोन वाजायला लागला. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. सुचित्रा त्याच्याकडे नुसती बघत राहिली. ही आता उचलणार नाही, असं अनिलरावांना क्षणभर वाटलं, आणि त्यांच्या मनात एक वेडी आशा उभी राहिली. नकोच उचलू दे. पडू दे काय पडायचं ते. पण तिने बाहीने नाक पुसलं, घसा साफ केला, आणि फोन कानाला लावून अगदी गोड, हसऱ्या आवाजात म्हणाली,

"हाय ब्रायन! सॉरी, आय वॉज ऑन म्यूट."

तिला त्याच दिवशी ओहायोला जायचं होतं. कारखान्यात, लाइन सुरू होईपर्यंत तिथेच. तिने बॅग भरली. दारात बूट घालताना म्हणाली, "बाबा, आन्याला..."

"मी सांगतो. तू गाडी हळू चालव."

*

आन्याची बस साडेतीनच्या सुमाराला यायची. अनिलराव कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबले. एरवी ते दारातच उभे राहत. त्यांना रस्त्यावर बघून आन्याचा चेहरा उतरला.

"इज मॉम ओके?"

"मम्मी ओहायोला गेली आहे कामाला. ठीक आहे ती."

घरात आल्यावर त्यांनी तिला सोफ्यावर बसवलं. स्वतः समोर स्टूल घेऊन, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. हॉस्पिटलमध्ये आईबापांना वाईट बातमी सांगायच्या लहानशा खोलीत ते असेच बसायचे. उभं राहून सांगायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही, 'दुर्दैवाने' या शब्दाने सुरुवात करायची नाही. हे सगळं त्यांनी ज्युनिअर डॉक्टरांना शिकवलं होतं. आन्या त्यांच्याकडे बघत होती, आणि आजवर तोंडपाठ असलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

"आन्या, वामनरावांची बाळं... सगळी नाही राहिली."

"डेड?"

"हो."

"आजारी होती?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. आजारी होती म्हटलं असतं तर भागलं असतं. पण उद्या शाळेत कुणीतरी तिला सांगितलंच असतं. अनिलरावांनी सांगितलं. शक्य तितक्या साध्या शब्दांत, मराठीत. मग तिला कळलं नसेल म्हणून इंग्रजीत. इंग्रजीत ते फार भयंकर वाटलं.



"बट शी इज देअर मॉम."

"हो बाळा."

"मग का?"

"ती घाबरली."

"कशाला?"

आन्याने गुडघे पोटाशी घेतले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी सकाळी पाहिलं होतं. शाळेत जायच्या आधी. फक्त एका सेकंदासाठी. इज इट बिकॉज ऑफ मी?"

"नाही गं. मीही पाहिलं होतं."

"मग दोघांमुळे झालं?"

"कुणामुळेच नाही."

"यू आर अ बेबी डॉक्टर, आबा," ती म्हणाली, आणि आता तिला रडू फुटलं. "तुम्ही इथेच होतात. तुम्ही का नाही काही केलं?"

"करता येण्यासारखं काही नव्हतं."

"देअर इज ऑल्वेज समथिंग!" हे तिच्या शाळेतल्या भिंतीवर लिहिलेलं असावं, किंवा तिची आई तसं म्हणत असावी. अनिलरावांनी तिला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं, पण अंग लाकडासारखं ताठ ठेवलं.

त्यानंतर आन्या पिंजऱ्याकडे फिरकली नाही. "परत देऊन टाका तिला," म्हणाली. जेवायची ताटं तिने हॉलमध्ये नेली, म्हणजे त्या कोपऱ्याकडे तोंड करून बसायला नको. अनिलराव मात्र रोज अंड्याचा तुकडा आणि पाणी ठेवत राहिले. बाळंतीण होती, तिला भूक होती. बुधवारी घरट्यात दोन पिल्लं हलताना दिसली. त्यांनी शेजारच्या खोलीतला दिवासुद्धा लावला नाही. रोजचा विक्रमचा फोन आला तेव्हा ते दारामागे उभे राहून कुजबुजत बोलले.

"मी येऊ का बाबा?" विक्रमने विचारलं. "म्हणजे, या आठवड्यात येणं जमणार नाही. पण येऊ का?"

"येऊन काय करणार तू?"

"तेही आहे," विक्रम म्हणाला.

गुरुवारी एकच पिल्लू दिसलं. शुक्रवारी सकाळी घरटं रिकामं होतं. हॅमस्टर कपटे उकरून आपली जागा नीट करत होती. अनिलरावांनी तिला वामनराव म्हणून हाक मारून पाहिली, पण ते नाव आता त्यांनाच बरं वाटेना.

*

सुचित्रा शुक्रवारी दुपारी परत आली. आन्या शाळेतून येऊन सोफ्यावर चित्र काढत बसली होती. आईला पाहून ती उठली, पण धावली नाही. सुचित्राने पिंजऱ्याकडे पाहिलं आणि मग वडिलांकडे. अनिलरावांनी नुसती मान हलवली.

ती आन्याशेजारी बसली. कोटही काढला नव्हता. अंगाला कारखान्यातल्या तेलाचा वास होता.

"लाइन सुरू झाली?" अनिलरावांनी विचारलं.

"झाली. साचा झिजला होता एक. एवढंसंच होतं." तिने चिमटीने दाखवलं. "आता ते खूश आहेत. इतके खूश आहेत, की मेक्सिकोच्या प्लांटचं लाँचही मीच बघायचं म्हणतायत. जानेवारीपासून."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार बाबा?"

आन्याने खडू खाली ठेवला. "मॉम, डिड यू गेट फायर्ड?"

"नाही राणी. नाही. मॉमने चांगलं काम केलं."

"ओह," आन्या म्हणाली.

एवढंच. पण त्या 'ओह'मधली निराशा अनिलरावांना ऐकू आली. सुचित्रालाही आली असावी. तिने मुलीचं डोकं आपल्या कोटात दाबून धरलं आणि तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. आन्या आधी ताठ होती, मग हळूहळू सैल पडली. बोलता बोलता थांबावं तशी सुचित्राची मान मागे कलली आणि ती बसल्या बसल्या झोपली. तोंड किंचित उघडं, बूट पायातच. आन्या तिच्या हाताखाली अडकली होती, पण तिने जागचं हलायचं नाव घेतलं नाही.

अनिलराव खिचडी टाकायला उठले तेव्हा सुचित्राचा फोन वाजू लागला. तिच्या पर्समधून, जोरात. ती जागी होईल म्हणून त्यांनी घाईघाईने तो बाहेर काढला. ब्रायनचं नाव होतं. बंद करायला म्हणून त्यांनी अंगठा फिरवला, तर फोन बंद होण्याऐवजी सुरूच झाला.

"सुचित्रा?"

अनिलरावांनी फोन कानाला लावला. "ती झोपली आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "मी तिचे वडील."

"ओह, हॅलो सर!" ब्रायनचा आवाज खरोखरच अदबशीर होता. मागे कुठलं तरी लहान मूल रडत होतं, बहुधा त्याचंच. "खूप सॉरी, सर. तिला त्रास द्यायची इच्छा नव्हती. पण वरून मलाही विचारतायत. तिला उठवता येईल का? दोनच मिनिटं."

पस्तीस वर्षांत अनिलरावांनी भल्याभल्यांना हॉस्पिटलच्या दारातून परत पाठवलं होतं. बाळ झोपलं आहे, नंतर या. एवढं म्हणायला त्यांना कधी विचार करावा लागला नव्हता. आता ते फोन धरून सोफ्यापाशी उभे राहिले. उठवावं तर ही अशी झोपलेली. ठेवून द्यावा, तर उद्या सगळ्यांच्या देखत तिलाच ऐकून घ्यावं लागणार. आन्या आईच्या हाताखालून त्यांच्याकडे बघत होती. तिने नकारार्थी मान हलवली. एकदाच, अगदी हळू.

"सर?" ब्रायन म्हणाला. "आर यू देअर?"

सुचित्राने डोळे उघडले. आपण कुठे आहोत हे कळायला तिला एक क्षण लागला. मग तिने वडिलांच्या हातातला फोन पाहिला आणि आन्याच्या अंगावरचा हात काढून पुढे केला.

"द्या बाबा."

अनिलरावांनी दिला.